लढाऊ विमान आणि घड्याळाचा काटा

नभोवाणीवरच्या भाषणाला साधारणतः पंधरा मिनिटांचा अवधी मिळतो. बोलणाऱ्याला तो नेहमी अपुरा वाटतो. ऐकणाऱ्याला काय वाटते ते ऐकणाऱ्यानेच सांगावे. परंतु १९४० सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर असे दिवस गेले की, पंधरा मिनिटे हा काळ किती मोठा आणि किती अपुरा आहे, याचा हिशेब एका सबंध राष्ट्राला करावा लागला. त्या दिवसांतील वैमानिकांच्या शौर्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या असतील. आज मी त्या कथांच्या मागे असलेला मिनिटांचा व सेकंदांचा जमाखर्च आपल्यापुढे मांडणार आहे. तो समजल्यावाचून त्या शौर्याची खरी किंमतही समजावयाची नाही.

प्रथम प्रसंग ध्यानात घेऊ. जून १९४० मध्ये फ्रान्सने शस्त्रे खाली ठेवली आणि जर्मन सैन्य इंग्लिश खाडीच्या काठावर येऊन उभे राहिले. डोव्हरजवळ ही खाडी अवघी एकवीस मैल रुंद आहे. खाडी ओलांडून इंग्लंडवर फौज उतरवावयाची, तर आधी खाडीवरचे आकाश ताब्यात पाहिजे. आणि आकाश ताब्यात घ्यावयाचे, तर ब्रिटनचे लढाऊ विमानदळ मोडून काढले पाहिजे. या उद्देशाने जर्मनीने जो हवाई हल्ला चढविला, त्याला ‘ब्रिटनची लढाई’ असे नाव पडले. ब्रिटिश इतिहासकार तिचा काळ १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० असा धरतात.

आता गणित पाहा. बाँबफेकी विमानांचा ताफा ताशी सुमारे दोनशे मैल वेगाने निघाला, तर त्याला एकवीस मैलांची खाडी ओलांडण्यास सहा मिनिटे पुरतात. त्याला अडविणाऱ्या विमानाला मात्र जमिनीवरून उठून वीस हजार फूट उंची गाठावयाची असते. स्पिटफायर विमानाला या चढणीस नऊ-दहा मिनिटे लागत, हरिकेनला त्याहूनही काही अधिक. त्यात वैमानिक धावत जाऊन विमानात बसणार, पट्टे आवळणार, यंत्र सुरू करणार, यासाठी आणखी दोन-चार मिनिटे धरा. म्हणजे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने शत्रू डोळ्यांनी पाहून वर्दी द्यावी आणि मग विमानांनी उठावे, असे म्हटले तर ती विमाने प्रत्येक वेळी उशिराच पोचणार. बरे, विमाने सदा वरच फिरती ठेवावी, तर त्यांचे पेट्रोल दीड तासाच्या आसपास संपते. यंत्रे झिजतात, माणसे थकतात, आणि नेमकी पेट्रोल भरण्यास खाली उतरली असता शत्रू डोक्यावर येतो.

या पेचातून ब्रिटनला सोडविले ते रडारने. १९३५ साली रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी बिनतारी लहरी विमानावर आदळून परत येतात हे प्रयोगाने दाखविले, आणि युद्धाला तोंड लागले तेव्हा ब्रिटनच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर या लहरी सोडणारी उंच मनोऱ्यांची वीसएक ठाणी उभी होती. शत्रूची विमाने फ्रान्सच्या भूमीवर जुळवाजुळव करीत असतानाच, ऐंशी-शंभर मैलांवरून, त्यांची चाहूल या मनोऱ्यांना लागे.

परंतु नुसती चाहूल लागून भागत नाही. ती योग्य माणसाच्या कानी योग्य वेळी पडली पाहिजे. लढाऊ विमानदळाचे सेनापती ह्यू डाउडिंग यांचे खरे कर्तृत्व येथे आहे. त्यांनी युद्धापूर्वीच अशी व्यवस्था बसविली होती की, मनोऱ्यांकडून आलेली प्रत्येक वर्दी प्रथम लंडनजवळच्या बेंटली प्रायरी येथील मुख्य ठाण्यावर यावी, तेथे ती पारखून घ्यावी आणि तेथून ती त्या त्या विभागाच्या ठाण्याकडे जावी. दक्षिण-पूर्व इंग्लंडचा विभाग कीथ पार्क या न्यूझीलंडच्या अधिकाऱ्याकडे होता. त्यांच्या अक्सब्रिज येथील भुयारातल्या खोलीत एका मोठ्या टेबलावर इंग्लंडचा नकाशा रंगविलेला असे. त्याभोवती विमानदळाच्या तरुण स्त्रिया कानाला यंत्र लावून उभ्या राहत आणि लांब काठ्यांनी शत्रूच्या खुणा पुढेमागे सरकवीत. रडारचे तोंड समुद्राकडे. किनारा ओलांडून आत आलेले विमान त्याला दिसत नसे. तेथून पुढे दुर्बिणी घेऊन उघड्यावर बसलेले निरीक्षक दळाचे स्वयंसेवक माग काढीत. एवढ्या सगळ्या हातांतून गेलेली वर्दी काही मिनिटांत विमानतळावर पोचे, आणि खुर्च्या टाकून बसलेले वैमानिक विमानांकडे धावू लागत. या व्यवस्थेने मिळवून दिलेल्या त्या थोड्या मिनिटांवर सारी लढाई उभी होती.

आता ही विमाने कशी होती ते पाहू. ब्रिटनची मुख्य लढाऊ विमाने दोन, हरिकेन आणि स्पिटफायर. हरिकेनचे शिल्पकार सिडनी कॅम. त्याचे पहिले उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ रोजी झाले. स्पिटफायरचे शिल्पकार आर. जे. मिचेल, ते विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम आकाशात गेले. पुढच्याच वर्षी मिचेल वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने वारले. आपल्या विमानाने काय केले ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दोन्ही विमानांत यंत्र एकच, रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन, सुमारे एक हजार अश्वशक्तीचे. परंतु शरीरे निराळी. स्पिटफायर सबंध धातूच्या पत्र्याचे, त्याचे पंख पातळ व लंबवर्तुळाकार. वेग ताशी साडेतीनशे मैलांच्या वर. हरिकेनचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा, मागच्या भागावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसविलेले कापड, पंख जाड, वेग ताशी सव्वातीनशे मैलांच्या आसपास.

लोकांच्या तोंडी नाव राहिले ते स्पिटफायरचे. तथापि या लढाईत हरिकेनच्या तुकड्या संख्येने अधिक होत्या, आणि लढाऊ विमानांनी पाडलेल्या जर्मन विमानांपैकी निम्म्याहून अधिक हरिकेनने पाडली. एक शर्यतीचा बैल आणि दुसरा नांगराचा, असे म्हटले तरी चालेल. हरिकेनच्या कापडाला गोळीने भोक पडले, तर तळावरचे कारागीर ठिगळ लावून, लेप देऊन ते पुन्हा उभे करीत. त्याची चाके रुंद अंतरावर असल्यामुळे खडबडीत मैदानावरही ते बेताने उतरे, आणि गोळीबार करताना ते हलत नसे. म्हणून शक्य तेथे हरिकेनने बाँबफेकी विमानांवर जावे आणि स्पिटफायरने त्यांच्या रक्षक विमानांना गुंतवून ठेवावे, अशी वाटणी करीत. प्रत्यक्ष धुमश्चक्रीत ही वाटणी नेहमीच पाळता येत असे असे नाही.

या दोन्ही विमानांच्या पंखांत आठ मशीनगन बसविलेल्या असत. प्रत्येक बंदुकीला सुमारे तीनशे गोळ्या, आणि बंदूक सेकंदाला वीसच्या आसपास गोळ्या सोडणार. हा भागाकार आपण मनात केला असेलच. उत्तर येते पंधरा सेकंद. इतका खटाटोप करून, वीस हजार फूट चढून गेलेल्या वैमानिकाजवळ एकंदर शस्त्र असे ते एवढेच. म्हणून अनुभवी वैमानिक एका वेळी दोन-तीन सेकंदांपलीकडे कळ दाबीत नसे, आणि तीही शत्रू अगदी जवळ आल्यावर. प्रारंभी चारशे यार्डांवर एकवटतील अशा रीतीने या बंदुका बसविल्या होत्या. अनुभवी वैमानिकांनी ते अंतर अडीचशे यार्डांवर आणले. नवशिक्या मात्र घाबरून लांबूनच सगळ्या गोळ्या संपवी, आणि मग त्या आकाशात तो निःशस्त्र असे.

जर्मनांचे मेसरश्मिट १०९ हे विमान स्पिटफायरच्या तोडीचे होते. त्याच्या पंखांत दोन लहान तोफा असत. त्यांचा एक गोळा अनेक गोळ्यांचे काम करी. शिवाय त्याच्या यंत्रात पेट्रोल पिचकारीने थेट आत सोडलेले असे. ब्रिटिश यंत्रात ते कार्ब्युरेटरच्या वाटीतून येई. विमानाने एकाएकी नाक खाली घातले, की वाटीतले पेट्रोल वर उसळे आणि सेकंद-दोन सेकंद यंत्र गुदमरे. जर्मन वैमानिक सरळ सूर मारून निसटे. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान पालथे करून मग त्याच्या मागे जावे लागे. या सेकंद-दोन सेकंदांवर तोड काढली ती फार्नबरोच्या संशोधनशाळेतील बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी. पेट्रोलच्या नळीत मोजक्या मापाचे भोक असलेली एक छोटी चकती त्यांनी बसविली. पण ती १९४१ च्या प्रारंभी आली. १९४० च्या वैमानिकांना तो उणेपणा सोसूनच लढावे लागले.

तथापि घड्याळ जर्मन वैमानिकालाही सोडीत नव्हते. मेसरश्मिटमध्ये पेट्रोल थोडे मावे. फ्रान्समधून निघून लंडनवर आल्यावर त्याला लढण्यासाठी सुमारे दहा मिनिटे उरत. त्यानंतर पेट्रोल सरत आल्याचा तांबडा दिवा लागे, आणि समोर शत्रू असो वा नसो, परत फिरावे लागे. न फिरला तर खाडीचे थंडगार पाणी खाली वाट पाहत असे. ७ सप्टेंबरपासून जर्मनांनी विमानतळांचा पिच्छा सोडून लंडन शहरावर भर दिला. त्यात नागरिकांचे अपार हाल झाले. पण विमानतळांना श्वास घेण्यास उसंत मिळाली, आणि रक्षक विमानांची ही दहा मिनिटांची मर्यादा जर्मनांच्या बाँबफेकी ताफ्यांना भोवली.

यंत्रांचा हिशेब येथवर झाला. माणसांचा हिशेब याहून कठीण आहे. त्या उन्हाळ्यात ब्रिटनचे कारखाने दरमहा चारशेहून अधिक लढाऊ विमाने तयार करीत होते. विमानांचा तुटवडा पडला नाही. तुटवडा पडला तो वैमानिकांचा. एकट्या ऑगस्ट महिन्यात सुमारे तीनशे वैमानिक मृत्यूने वा जखमांनी कमी झाले आणि त्यांच्या जागी नवे आले ते दोनशेसाठ. शिक्षणाचा शेवटचा टप्पा दोन आठवड्यांवर आणावा लागला. हरिकेन किंवा स्पिटफायर दहा-वीस तासच चालविलेली विशी-बाविशीची मुले तुकडीवर येऊ लागली. त्यात भर अशी की, ब्रिटिश दळात तीन विमानांनी पंखाला पंख लावून बाणाच्या आकारात उडण्याची जुनी रीत होती. अशा रचनेत मागच्या दोघांची नजर शेजारच्या पंखावर खिळलेली, आकाश पाहणार कोण? जर्मनांनी स्पेनमधील यादवी युद्धात चार विमाने ऐसपैस ठेवण्याची रीत शोधून काढली होती. तीत प्रत्येकाला दुसऱ्याची पाठ राखता येई. ब्रिटिशांनी ती उचलली, पण कित्येक तरुणांचे प्राण गेल्यावर.

वैमानिक सगळे ब्रिटिशच होते असेही नाही. त्या लढाईत डाउडिंग यांच्या हाताखाली तीन हजारांहून थोडेच कमी वैमानिक व त्यांचे साथीदार उडाले. त्यांत १४५ पोलंडचे, ८८ चेकोस्लोव्हाकियाचे आणि शंभराहून अधिक न्यूझीलंडचे होते. पोलिश वैमानिकांच्या ३०३ क्रमांकाच्या तुकडीला इंग्रजी येत नाही म्हणून ऑगस्टच्या अखेरपर्यंत लढाईबाहेर ठेवले होते. ती हरिकेन घेऊन उतरली आणि पुढच्या सहा आठवड्यांत तिने अशी कामगिरी केली की, भाषेची तक्रार पुन्हा कोणी काढली नाही.

आता एका माणसाची गोष्ट. १६ ऑगस्ट १९४० रोजी साउदॅम्प्टनजवळ जेम्स निकल्सन या तेवीस वर्षांच्या वैमानिकाच्या हरिकेनवर शत्रूचे चार गोळे येऊन आदळले. दोन त्याला लागले, आणि एकाने पेट्रोलच्या टाकीला आग लावली. हरिकेनची एक टाकी वैमानिकाच्या अगदी समोर असे. ती पेटली की ज्वाला थेट त्याच्या तोंडावर येत. अशा वेळी बाहेर उडी टाकण्यास हाताशी फार थोडे सेकंद असतात. निकल्सन उडी टाकण्याच्या बेतात होता, तोच त्याच्यासमोर एक शत्रूविमान आले. तो पुन्हा बसला, आणि हात भाजत असता त्याने त्या विमानावर गोळीबार चालू ठेवला. मग त्याने उडी टाकली. हवाई छत्रीने खाली येत असता आपल्याच बाजूच्या गृहरक्षकांनी शत्रू समजून त्याच्यावर बंदुका झाडल्या. तो वाचला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटनच्या लढाऊ विमानदळात हा मान मिळविणारा सबंध युद्धात तो एकटाच.

भाजलेल्या अशा वैमानिकांसाठी ईस्ट ग्रिन्स्टेड गावच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो या शस्त्रवैद्याने वर्षानुवर्षे काम केले. नवे कातडे, नव्या पापण्या, नवी बोटे घडविण्यास एकेकावर पुष्कळ शस्त्रक्रिया कराव्या लागत. मॅकिंडोने गावकऱ्यांना बजावून सांगितले की, ही मुले रस्त्यात दिसली तर तोंड फिरवू नका. गावानेही ते पाळले.

आपल्या देशाचा या विमानांशी संबंध दूरचा नव्हता. स्पिटफायरसाठी वर्गणी गोळा करताना एका विमानाची किंमत पाच हजार पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे सहासष्ट हजार रुपये धरीत. ब्रिटनच्या लढाईत लढलेली १५२ क्रमांकाची स्पिटफायर तुकडी निजामाच्या देणगीवरून ‘हैदराबाद’ नावाने ओळखली जाई. मराठवाडा त्या वेळी निजामाच्याच राज्यात होता. तेव्हा त्या देणगीत तिकडच्या शेतसाऱ्याचाही काही अंश असेल. १९४१ मध्ये उभारलेल्या १३२ क्रमांकाच्या तुकडीला मुंबई शहराचे नाव मिळाले. देणाऱ्या देशाला मात्र या युद्धात पडावे की नाही, हे कोणी विचारलेच नव्हते.

पैशामागोमाग माणसेही गेली. १९४० च्या अखेरीस हिंदी वैमानिकांची पहिली तुकडी शिक्षणासाठी इंग्लंडास गेली. त्यांपैकी महिंदर सिंग पुजी यांनी डोक्यावर पगडी ठेवूनच हरिकेन चालविले. पुढे हेच विमान ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर आले. युरोपात ते जुने झाले होते. पण खराब धावपट्ट्या, पाऊस आणि चिखल यांत त्याचा काटकपणा पुन्हा उपयोगी पडला. १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा आपल्या विमानदळाची पहिली तुकडी स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली तेथून हरिकेन विमाने चालवीत होती. झाडांच्या शेंड्यांवरून उडत शत्रूच्या हालचाली टिपावयाच्या, हे तिचे मुख्य काम. अर्जन सिंग यांना तेथेच विमानदळाचे शौर्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या हवाईदलाचे नेतृत्व करणारे कित्येक अधिकारी या ब्रह्मदेशच्या मोहिमेत तयार झाले; १९७६ ते १९७८ या काळात हवाईदलाचे प्रमुख असलेले, मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर हे त्यांपैकीच.

निकल्सनही बरा होऊन याच आघाडीवर आला. साउदॅम्प्टनच्या आकाशात ज्वाळांतून वाचलेला तो वैमानिक २ मे १९४५ रोजी बंगालच्या उपसागरावर एका बाँबफेकी विमानात निरीक्षक म्हणून गेला असता ते विमान पेटून समुद्रात पडले. त्याचा देह सापडला नाही. युरोपातील युद्ध संपण्यास त्या वेळी एक आठवडाही उरला नव्हता.

शेवटी लढाईचा निकाल. १५ सप्टेंबर १९४० हा तिचा सर्वांत निकराचा दिवस. त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. युद्धानंतर कागदपत्रे पाहता खरा आकडा साठच्या आसपास निघाला. यात मुद्दाम केलेली लबाडी नव्हती. दोन-तीन सेकंदांच्या गोळीबारात एकाच विमानावर चौघे नेम धरीत, आणि प्रत्येकाला ते आपणच पाडले असे प्रामाणिकपणे वाटे. परंतु साठ विमानेही जर्मनांना पुरेशी जड गेली. दोनच दिवसांनी हिटलरने इंग्लंडवर उतरण्याचा बेत बेमुदत पुढे ढकलला. सबंध लढाईत ब्रिटनची लढाऊ विमाने हजाराच्या आसपास गेली, जर्मनांची सर्व प्रकारची मिळून सतराशेहून अधिक.

त्या तीन हजारांपैकी ५४४ जण त्या साडेतीन महिन्यांतच मरण पावले, आणि आणखी आठशेच्या आसपास युद्ध संपेपर्यंत. जे वाचले ते एकेक करून वृद्धापकाळाने गेले. त्यांतले शेवटचे, जॉन हेमिंग्वे नावाचे आयरिश वैमानिक, मार्च २०२५ मध्ये एकशेपाचव्या वर्षी वारले. तेही हरिकेनच चालवीत असत.

विमान कारखान्यात काही आठवड्यांत तयार होते. ते चालविणारा मुलगा कोणाच्या तरी घरी वीस वर्षे वाढलेला असतो. मिनिटांचा हा हिशेब मांडताना डाउडिंगसारख्या सेनापतीला हाच फरक रात्रंदिवस जाळीत होता, आणि म्हणून तो विमाने व माणसे कृपणासारखी जपून वापरीत राहिला. त्याचे वरिष्ठ त्यासाठी त्याच्यावर रुष्ट झाले, आणि लढाई जिंकल्यावर थोड्याच आठवड्यांत, नोव्हेंबर १९४० मध्ये, त्याला त्या जागेवरून दूर करण्यात आले. पण त्याने वाचविलेल्या मिनिटांमुळे जी मुले आपल्या घरी परत गेली, त्यांच्या घरच्यांनी तो हिशेब बरोबर होता असेच म्हटले असेल.

माझी पंधरा मिनिटे संपत आली. एवढ्या वेळात एखादे हरिकेन जमिनीवरून उठून वीस हजार फुटांवर पोचले असते, आणि त्यातल्या विशीच्या मुलाजवळ पंधरा सेकंद शिल्लक असते.